शेवटचे प्रकरण : मराठी रहस्यकथेच्या इतिहासातील एक प्रश्न

चंद्रपूरच्या गोंड राजांच्या ज्या हकिकती सांगितल्या जातात, त्यांत बीरशहाची हकिकत ऐकणाऱ्याला सर्वांत अधिक धरून ठेवते. बीरशहाची एकुलती एक मुलगी देवगडच्या दुर्गपालाला दिली होती. सासरी तिचा अपमान झाला, तिने बापाकडे निरोप धाडला, आणि बाप सैन्य घेऊन निघाला. ऐन लढाईत त्याने महाकालीचा धावा केला, तशी तलवार आपण होऊन म्यानाबाहेर आली व दुर्गपालाचे शिर धडावेगळे झाले, असे सांगतात. ते शिर देवीला वाहिले गेले. पुढे देवळावर दगडाचे शिर बसविले, तेही तोंड देवगडाकडे करून. गोष्ट इथे पुरी होते. ऐकणारा समाधानाने उठतो, कारण लेकीच्या निरोपाने जे सुरू झाले ते त्या दगडी तोंडापाशी येऊन संपले.

पण इतिहास तेथे थांबला नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी खुद्द बीरशहाचाच खून झाला. मारणारा हिरामण नावाचा रजपूत होता, हे परंपरा सांगते. खून कोणी केला ते ठाऊक आहे; कोणत्या प्रसंगी केला तेही सांगतात. परंतु का केला? कोणी हिरामणाजवळच्या मंतरलेल्या तलवारीची गोष्ट सांगतो, कोणी आणखी काही. एकही कारण मनात बसत नाही. राणी हिराईने रामशहाला दत्तक घेतले, राज्य सावरले, नवऱ्याची समाधी बांधली. ती समाधी आजही आपल्या डोळ्यांसमोर उभी आहे. पण खुनाची गोष्ट तिच्यापाशीही संपत नाही.

एकाच राजाच्या या दोन गोष्टी. एकीत खुनी कोण हा प्रश्नच नाही, तरी शेवट पुरता लागतो. दुसरीत खुन्याचे नाव हाती असूनही शेवट लागत नाही. रहस्यकथा लिहिणारे आणि वाचणारे, दोघेही सामान्यतः असे समजतात की शेवटच्या प्रकरणात नाव उघडे झाले म्हणजे काम झाले. बीरशहाच्या हकिकतीवरून मला तसे वाटत नाही, आणि मराठी कादंबरीचा इतिहास पाहिला म्हणजे तर मुळीच वाटत नाही. त्या इतिहासातील काही मुक्काम आज आपल्यापुढे मांडावयाचे आहेत. जाता जाता एक आश्वासन देऊन ठेवतो : ज्या पुस्तकांतील गुन्हेगार अद्याप आपणांस ठाऊक नसेल त्याचे नाव मी या व्यासपीठावरून सांगणार नाही.

मराठीत कादंबरी आली ती अद्भुताच्या वाटेने. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची. या कादंबऱ्यांत ताटातूट आहे, कपट आहे, अरण्यवास आहे, आणि शेवटी सर्वांची भेट आहे. वाचकाला धास्ती वाटते, पण ती खोटी खोटी वाटते. कारण नायकनायिकांचे अखेर बरे होणार हा करार पहिल्या पानावरच झालेला असतो. शेवट आणणारा असतो योगायोग. तो योगायोग कोठून आला असे विचारणे त्या काळच्या वाचकाला असभ्यपणाचे वाटले असते. कीर्तनाच्या उत्तररंगात देव वेळेवर कसा धावून आला, असे कोणी हरदासाला विचारीत नाही, तसेच हे.

‘मंजुघोषा’ ज्या १८६८ साली निघाली, त्याच साली इंग्लंडात विल्की कॉलिन्सची ‘मूनस्टोन’ प्रसिद्ध झाली. तीत एका हिऱ्याची चोरी आहे. हा हिरा आपल्या देशातला. कादंबरी सुरू होते ती १७९९ सालच्या श्रीरंगपट्टणच्या लुटीपासून. एक इंग्रज अधिकारी तो हिरा लुटून नेतो, आणि मग कित्येक वर्षांनी इंग्लंडातील एका खेड्यातल्या घरातून तो पुन्हा नाहीसा होतो. तो कोणी नेला याचा उलगडा होतोच. मात्र कॉलिन्स तेथे लेखणी ठेवीत नाही. तो वाचकाला अगदी शेवटी काठेवाडात नेतो आणि सोमनाथाच्या देवाच्या कपाळावर तो हिरा परत बसलेला दाखवितो. इंग्रज लेखकाने १८५७ नंतर अवघ्या अकरा वर्षांनी हे लिहावे, ही साधी गोष्ट नव्हे. चोर कोण या प्रश्नाचे उत्तर एका घरापुरते होते. हिरा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या पानापासून देणे होते, आणि ते देणे फिटले म्हणून ती कादंबरी पुरी झाली.

आपल्याकडे मात्र कॉलिन्सपेक्षा रेनल्ड्सच जास्त आला. जॉर्ज रेनल्ड्स इंग्लंडात आज फारसा कोणी वाचीत नाही. हिंदुस्थानात त्याच्या कादंबऱ्यांनी दोन पिढ्यांची झोप उडविली. लंडनच्या गल्ल्या, तळघरे, कारस्थाने, उमरावांची पापे! गोविंद नारायणशास्त्री दातार यांची ‘कालिकामूर्ति’ ही रेनल्ड्सच्या ‘ब्राँझ स्टॅच्यू’वरून आलेली, नाथमाधवांच्या ‘वीरधवल’च्या मागे त्याचीच ‘केनेथ’. पण हे लोक नुसते भाषांतरकार नव्हते. परदेशातील मूर्ती त्यांनी कालिकेची केली, आणि मूर्ती बदलताच तिच्याभोवतीची भीतीही बदलली. नाथमाधवांचे, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे यांचे, स्वतःचे आयुष्यही कादंबरीतल्यासारखेच. सिंहगडाच्या बाजूला शिकारीला गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे अंग लुळे झाले. ज्या माणसाला घराबाहेर पडणे अवघड, त्याने अंथरुणावरून महाराष्ट्राला डोंगरदऱ्यांतून पळविले.

हरिभाऊ आपट्यांचेही सुरुवातीचे वाचन रेनल्ड्सचे. १८९० साली ‘करमणूक’ पत्र निघाले आणि त्यात त्यांच्या कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने येऊ लागल्या. साप्ताहिकात येणाऱ्या कादंबरीला दर आठवड्याला एक लहान शेवट लागतो. वाचकाला आठ दिवस अडकवून ठेवणारा हा शेवट प्रश्न विचारणारा असतो. मोठा शेवट उत्तर देणारा असावा लागतो. या दोन कलांचे एकमेकींशी फारसे जमत नाही. जो लेखक दर आठवड्याला गाठ मारतो त्याला एक दिवस साऱ्या गाठी सोडवायला बसावे लागते, आणि तोवर काही गाठी आपण का मारल्या हेच तो विसरलेला असतो. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. ‘कर्मयोग’ ही त्यांपैकी एक. आपल्या चंद्रपुरात रायप्पाच्या प्रचंड मूर्ती उघड्यावर पडून आहेत. मूर्ती घडविल्या, आणि देऊळ उभे राहण्याआधी घडविणारा गेला. लोक त्या जागेला अपूर्ण देवालय म्हणतात. तेथे जाणारा मनुष्य मूर्ती पाहतो आणि नकळत नसलेल्या शिखराकडे मान वर करतो. अपुऱ्या कादंबरीच्या वाचकाचे असेच होते.

परंतु याच हरिभाऊंनी शेवटाविषयी मराठीतला सर्वांत धीट प्रयोग केला, आणि तो आपल्या ध्यानात येत नाही इतका सरळ आहे. १९०३-०४ च्या सुमारास त्यांनी जी कादंबरी लिहिली तिचे नावच ‘गड आला पण सिंह गेला’! शेवट मुखपृष्ठावर छापून ठेवला. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर काय झाले हे मराठी मुलाला पाळण्यातच कळते. तेव्हा लपविण्यासारखे काही नव्हतेच. मग वाचक श्वास रोखून कशासाठी वाचतो? हरिभाऊंनी त्या इतिहासात कमलकुमारी नावाची एक रजपूत स्त्री आणली. उदयभानूने तिला बळाने आणलेले, तिच्यावर संकट जवळ येत चाललेले. इकडे तानाजी घरचे लग्न टाकून निघालेला. गड येणार हे ठाऊक आहे. वेळेवर येणार का, हे ठाऊक नाही. सिंह जाणार हे ठाऊक आहे. कोणासाठी जाणार, हे वाचता वाचता उमगते. ज्याला धाक निर्माण करावयाचा आहे त्याने काही तरी लपविलेच पाहिजे असे नाही, हा धडा पुढच्या रहस्यकथाकारांनी फारसा गिरविला नाही, ही मला मराठीची हानी वाटते.

आता खऱ्या अर्थाने ज्याला हेरकथा म्हणतात तिच्याकडे येऊ. कॉनन डॉयलने १८९३ साली आपला शेरलॉक होम्स स्वित्झर्लंडातील एका धबधब्यात ढकलून दिला. लेखकाला त्याचा कंटाळा आला होता. वाचकांना आला नव्हता. १९०१ मध्ये डॉयलने होम्सची एक जुनी हकिकत म्हणून ‘बास्करव्हिल्स’ची गोष्ट लिहिली, आणि १९०३ मध्ये होम्सला चक्क जिवंत करून लंडनला आणले. तेव्हापासून मालिकेतल्या नायकाची एक अडचण कायमची झाली : त्याच्या प्रत्येक गोष्टीला शेवट हवा आणि त्याला स्वतःला मात्र शेवट असता कामा नये.

मराठीत ही अडचण सर्वांत मोठ्या प्रमाणावर पेलली ती बाबुराव अर्नाळकरांनी. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, मृत्यू १९९६. १९३०-४० च्या दशकापासून पुढे जवळजवळ अर्धे शतक त्यांनी लिहिले, आणि त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजारावर गेली. झुंजार आणि त्याची पत्नी विजया, काळापहाड, धनंजय : ही नावे महाराष्ट्रातल्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या प्रत्येक दुकानात, एस.टी.च्या प्रत्येक थांब्यावर, शाळेच्या बाकाखाली आणि वडीलधाऱ्यांच्या उशाखाली असत. भाड्याच्या पुस्तकाचे शेवटचे पान फाटलेले मिळणे हा त्या पिढीचा खास दुर्दैवाचा अनुभव. ज्यांना तो आला त्यांनाच शेवट म्हणजे काय ते खरे कळले!

विद्वानांनी अर्नाळकरांकडे लक्ष दिले नाही. ज्यांनी दिले त्यांनी, हे सारे इंग्रजीवरून उचललेले आहे, असे म्हणून सोडून दिले. झुंजारचा मूळपुरुष नॉर्मन काँक्वेस्ट इंग्रजीत आहे, हे खरेच. पण मला कुतूहल दुसऱ्याच गोष्टीचे वाटते. इंग्रजी हेरकथेचा राजमान्य शेवट असा : दिवाणखान्यात मंडळी जमतात, हेर उलगडा करतो, आणि दारात उभा असलेला पोलीस अधिकारी पुढे होऊन हातकड्या घालतो. पुढचे काम न्यायालयाचे. वाचक निर्धास्तपणे झोपी जातो, कारण त्या दारातल्या अधिकाऱ्यावर त्याचा विश्वास असतो. आता हाच शेवट १९४२ सालच्या आपल्या जिल्ह्यात वाचून पाहा. त्या वर्षी १६ ऑगस्टला चिमूरला गोळीबार झाला, खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकारी मारले, आणि मागाहून गावात आलेल्या शिपायांनी जे अत्याचार केले त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींना त्रेसष्ट दिवस उपवास करावा लागला. त्याच्या चौऱ्याऐंशी वर्षे आधी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले होते. सरकारी कागदांत त्या प्रकरणाचा शेवट तोच : आरोपी पकडला, शिक्षा झाली, दप्तर बंद. जंगलातल्या गावांनी तो शेवट कधी मान्य केला नाही. ज्यांनी असे दप्तर बंद होताना पाहिले होते त्यांना दारात उभा असलेला शिपाई हा गोष्टीचा सुखी शेवट कसा वाटावा?

म्हणून काळापहाड. तो कायद्याच्या बाहेरचा माणूस. दुष्टांना लुटणारा, पोलिसांना सतत हुलकावणी देणारा. झुंजारही कायद्याची फार पर्वा करीत नाही. इंग्रजीत असले नायक म्हणजे सुखवस्तू माणसाचा खेळ होता. आपल्याकडे त्याच खेळाला निराळा अर्थ आला, असे माझे मत आहे. लेखकाने हे हेतुपुरस्सर केले असेल की नसेल. वाचकाला मात्र शेवटच्या पानावर न्याय होताना दिसे आणि सरकार त्या न्यायात नसे. चाळीतल्या गिरणीकामगाराला, आणि इकडच्या कोळशाच्या खाणीवरच्या माणसालाही, हे पुरेसे होते.

कारागिरीच्या दृष्टीने मात्र या कथांचे शेवट पुष्कळदा कच्चे राहिले, हे मान्य केले पाहिजे. महिन्याला अनेक पुस्तके लिहिणाऱ्याला मागे वळून खुणा पेरायला वेळ मिळत नाही. इंग्लंडात याच सुमारास खुणा पेरण्याचे नियमच झाले होते. १९२६ मध्ये अगाथा ख्रिस्तीच्या रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या कादंबरीचा शेवट वाचून अर्धे वाचक थक्क झाले आणि अर्धे संतापले. लेखिकेने फसविले, असे संतापणाऱ्यांचे म्हणणे. पुस्तक पुन्हा वाचले म्हणजे कळते की तिने एकही खोटे वाक्य लिहिलेले नाही. मग १९२८ मध्ये व्हॅन डाइनने वीस नियम केले, १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशकाने दहा आज्ञा दिल्या. गुन्हेगार आरंभीच वाचकाच्या नजरेस पडलेला असावा. दैवी चमत्कार चालणार नाही. हेराला सापडलेली खूण वाचकालाही लगेच दाखविली पाहिजे.

यातले मर्म ऊर्जानगरच्या श्रोत्यांना मी सांगावे असे नाही. वीजकेंद्राच्या कुंपणाला लागून जंगल, आणि सकाळी रस्त्याकडेच्या धुळीत वाघाची पावले. येथल्या लहान मुलालाही माग म्हणजे काय ते कळते. जाणता वनरक्षक पाऊल पाहून जनावर नर की मादी, चालत गेले की धावत, रात्री केव्हा गेले, याचा अंदाज बांधतो. आणि जनावर पुढे दिसले, की तो मागे वळून म्हणतो, बघा, येथे बसले होते, येथे वळले. पुढे दिसलेले जनावर आणि मागची पावले जुळलीच पाहिजेत. व्हॉल्तेअरने १७४७ साली आपल्या झादिगकडून हेच करविले. न पाहिलेल्या कुत्रीचे आणि घोड्याचे वर्णन तो केवळ वाळूवरच्या खुणांवरून करतो, आणि शिक्षेच्या फेऱ्यात सापडतो. पुढच्या साऱ्या हेरांचा तो पूर्वज. जी रहस्यकथा शेवटी असे जनावर दाखविते की ज्याचे एकही पाऊल मागच्या दोनशे पानांत उमटलेले नाही, तिचा वाचक रागावतो तो उगीच नव्हे.

स्वातंत्र्यानंतर शेवट पुन्हा न्यायालयात परतला, आणि ही घटना मला फार बोलकी वाटते. १९६२ साली आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आले. प्रभाकर पणशीकरांनी त्यातला लखोबा लोखंडे अजरामर केला. सारे नाटक म्हणजे एक खटला. तो तोच आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक. प्रश्न एवढाच, की हे सिद्ध होणार का? हरिभाऊंचीच युक्ती पुन्हा एकदा : शेवट सांगून टाकला, वाट मात्र लपविली. पुढे सुहास शिरवळकरांनी आपल्या रहस्यकथांत अमर विश्वास हा वकील नायक आणला. काळापहाडापासून वकिलापर्यंतचे हे अंतर केवळ लेखकांच्या आवडीनिवडीचे नाही. न्यायालय आपले झाले होते. तेथे न्याय मिळतोच असे नाही, पण मिळावा असे म्हणण्याचा हक्क आला होता. गोव्याच्या गुरुनाथ नाईकांनीही बाराशेच्या आसपास रहस्यकथा लिहिल्या. नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी वेगळीच वाट धरली. त्यांच्या भयकथा-गूढकथांत शेवटचे दार उघडे राहते, आणि तेथे ते उघडे राहणेच योग्य असते. भुताला हातकड्या घालून चालत नाही.

आपल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण शेवटाची परीक्षा तिथे जितकी कठोर होते तितकी पुण्यामुंबईला होत नाही. धानाची कापणी झाली, दिवाळी सरली, की मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत नाटके सुरू होतात. वडसा हे मंडळ्यांचे ठाणे. नाटक रात्री उभे राहते आणि उजाडेपर्यंत चालते. पाहुणेरावळे गावोगावहून आलेले, थंडी कडाक्याची, शेकोट्या पेटलेल्या. अशा प्रेक्षकाला शहरी नाटककाराचा अर्धवट सूचक शेवट देऊन पाहावा! ज्याने रात्रभर जागून खलनायकाच्या करामती पाहिल्या, त्याला त्याचे काय झाले ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बैल जुंपायचे नसतात. आणि नुसता खलनायक मेला तरी चालत नाही. ज्या बहिणीचे वा आईचे त्याने वाटोळे केले, तिच्यासमोर त्याचा निकाल लागला पाहिजे. बीरशहाच्या लेकीची हकिकत ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ऐकली, त्यांची ही मागणी मला अडाणीपणाची वाटत नाही. नाव कळणे त्यांना दुय्यम आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा हिशेब पुरा व्हावा, एवढे ते मागतात.

हिंदी मुलखातली एक हकिकत सांगून थांबतो. देवकीनंदन खत्री हे बनारसकडचे. चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता, आणि त्या जंगलांत हिंडताना पाहिलेल्या पडक्या किल्ल्यांतून व गुहांतून त्यांना १८८८ सालची ‘चंद्रकांता’ सुचली. ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, असे सांगतात. पुढे तिची ‘संतति’ निघाली, आणि मग ‘भूतनाथ’. हा भूतनाथ म्हणजे असा ऐयार, की ज्याच्या मागच्या आयुष्यात कोणते पाप दडले आहे हेच रहस्य. १९१३ साली खत्री वारले तेव्हा ‘भूतनाथ’ अर्धा राहिला होता. वाचक थांबले होते. अखेर त्यांचा मुलगा दुर्गाप्रसाद लेखणी घेऊन बसला. वडिलांनी मागे टाकलेली पावले एकेक करून त्याला शोधावी लागली असतील. ते जनावर कोठे निघाले होते हे विचारायला आता कोणी नव्हते. भाग निघत गेले, आणि बापाने सुरू केलेली गोष्ट मुलाने पुरी केली.